मलेचं झालं मेले

धडा वाचून काय वाटलं, ते माझ्या नातीने, पुष्पांजलीने मोबाइलवर टाइप करून मराठीच्या मॅडमना ईमेल केलं. मग मला दाखवलं. मी उतारवयात अक्षरं शिकलेली, बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले, "शेवट वाचून मेले रडू आलं."

"मेले काऊन व?" मी विचारलं.

तिचा चेहरा उतरला. "म्या 'मले' लिवलं होतं! मोबाइलनं बदललं. मॅडम उद्या वर्गात वाचतीन. पोरं हसतीन."

"मंग वापस बोलाव."

"गेला मेल, आजी."

"नांदुऱ्याच्या ठेसनातून सुटला का काय?"

ती हसली नाही. तिने घाईने चूक कळवली आणि नख चावत बसली. उत्तर आलं, पण ती ते उघडेना. शेवटी मीच उघडून वाचलं, "मले समजलं होतं. वर्गात तूच वाच."

"मीच?" ती आणखीच घाबरली.