एका दिवसाची गाडी

मोटारींवर लिहिणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. दर आठवड्याला एक नवी गाडी चालवून बघायची आणि वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत ती कशी चालते ते लिहायचं. या वेळी छोटेखानी पण उंची एसयूव्ही मिळाली होती, तीही एकाच दिवसासाठी. शहराबाहेरचा वळणांचा रस्ता त्याने आदल्या दिवशीच मनात धरून ठेवला होता. गाडीत बसतो न बसतो तोच बहिणीचा फोन आला.

"आईला न्यायला येणारा टॅक्सीवाला ऐनवेळी नाही म्हणतोय. तुझ्याकडे गाडी आहे ना आज?"

"ताई, ती कामाची गाडी आहे."

"मग आई काय बिनकामाची आहे?"

त्याने गाडी आईच्या घराकडे वळवली.

आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं. तिला कसंबसं पुढे बसवून त्याने व्हीलचेअर मिटली आणि डिकी उघडली. मागची काच इतकी तिरकी उतरलेली की खुर्चीची चाकं आडवी येत होती. त्याने खुर्ची आडवी घातली, उभी घातली, ताईने उलटी घालून पाहिली. डिकीचं झाकण आपोआप खाली यायचं, खुर्चीला टेकायचं आणि टुंग करून परत वर जायचं.

"एवढी महागाची गाडी, आणि एक खुर्ची मावत नाही?" ताई म्हणाली.

"ही गाडी सामान वाहायला नसते गं!"

शेवटी मागची अर्धी सीट पाडून खुर्ची आत कोंबली. उरलेल्या जागेत ताई अंग चोरून बसली.

पहिल्याच सिग्नलला आई म्हणाली, "पाठीला गार लागतंय रे."

"सीटमधून हवा येते, आई. आरामासाठी असते ती."

"मग बंद कर तो आराम."

बटण कुठेच नव्हतं. सगळा कारभार त्या भल्यामोठ्या स्क्रीनमध्ये. गाडी चालवता चालवता तो एकेक चित्र दाबत गेला. हवा बंद झाली नाही, मसाज मात्र सुरू झाला.

आई दचकली. "कोण ढोसतंय गं मागून?"

"मी नाही बाई!" ताई म्हणाली.

तेवढ्यात गाडी केकाटली. रस्त्याकडे लक्ष द्या, अशी सूचना स्क्रीनवर झळकली.

"अगं, तुझ्याकडेच तर बघतोय!" तो गाडीवर खेकसला. तेवढ्यात समोरून एक पार्सलवाला आडवा गेला. गाडीने स्वतःच करकचून ब्रेक मारला. आईने कंबर धरली आणि डोळे मिटून घेतले.

दवाखान्याच्या दारात नवाच घोळ. सीटच्या दोन्ही कडा उंच, वळणावर माणूस हलू नये म्हणून केलेल्या. आई त्यात रुतून बसली होती. त्याने हात धरून ओढलं, ताईने पाठीमागून रेटलं. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

"आई, थोडा तरी उठायचा प्रयत्न कर ना!" तो ओरडला.

"करतेय रे बाळा," आई म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. मग त्याने खाली वाकून तिचे पाय एकेक करून बाहेर घेतले, तिचे हात आपल्या गळ्यात घातले आणि तिला उचललं.

दोघींना घरी सोडेपर्यंत ऊन उतरलं होतं. तो तसाच वळणांच्या रस्त्याला लागला. गाडी लोण्यासारखी पळाली. एका अवघड वळणावर ती रस्त्याला अशी चिकटून गेली की त्याच्या तोंडून 'वा!' निघून गेलं, आणि त्या 'वा'चाच त्याला संताप आला.

त्याने सगळं लिहिलं. वळण, लोणी, खुर्ची, कंबर, सगळं. संपादकबाईंचा फोन आला.

"तुझी आई ही गाडी विकत घेणार आहे का?"

"नाही. पण जो घेईल त्याला आई असेलच ना?"

"असेल रे, पण जागा नाहीये. अर्धं कापते."

कुठलं अर्धं, हे त्याने विचारलंही नाही.

रविवारी ताईने आईला लेख मोठ्याने वाचून दाखवला. वळणं, रस्त्यावरची पकड, सीटची ऐट. तो शेजारी बसला होता, आई कौतुकाने ऐकत होती.

"छान लिहिलंस. कधीतरी मलाही या गाडीत बसव."

"आई, तीच ही गाडी. दवाखान्यात नेलं ती."

आई ताईच्या हातातल्या पानाकडे वळली.

"हो का? मग खुर्चीचं वाच ना," ती ताईला म्हणाली.

ताईने पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. तो उठून पाणी प्यायला आत गेला.