मूठभर चिपाडावर चाललेला कारखाना

मूठभर चिपाडावर अख्खा कारखाना चालतो? यामिलाच्या डोक्यात तिडीकच गेली.

तुकुमान प्रांतातल्या त्या साखरगावात शाळेचं प्रदर्शन ऐन रंगात आलं होतं. पडद्यावर मुलांच्या गेममधला ठोकळ्यांचा कारखाना धडधडत होता. या गेममध्ये आपण बनवलेली यंत्रं घालता येतात. वर्गातल्या अकरा जणांनी ती घातली होती. कुणी चरक, कुणी कढई, तर कुणी उसाची रेल्वे. पण जळणाचा इंटरफेस, म्हणजे सगळ्या यंत्रांनी पाळायचे नियम, एकट्या यामिलाने लिहिला होता. यंत्राने फक्त एवढंच कळवायचं, की आपण काय जाळतो आणि ते किती ठोके जळतं. गेमचे वीस ठोके म्हणजे एक सेकंद.

आणि वर्गातल्या ओक्ताव्हियोने सकाळी, कुणालाही न विचारता, ठोक्यांचे सेकंद करून टाकले होते!

"तुला हात लावायला कुणी सांगितलं होतं रे?"

"अगं, ठोके कुणाला कळतात? सेकंद कसे सुटसुटीत! आणि बघ ना, विझायचं नावच घेत नाही."

"विझेल कसं, शहाण्या? सगळ्यांचे आकडे ठोक्यांतले आहेत. वीसपट जळतंय ते!"

"मग बिघडलं काय? बक्षीस मिळतंय तर मिळू दे की."

बिघडलं काय! या गावात घरटी एक माणूस गळिताला जातो. त्यांच्यासमोर हे असलं फुकटचं जळण मिरवायचं, आणि तेही तिच्या नावाच्या नियमांवर? यामिलाने त्याला कोपराने बाजूला सारलं, ती ओळ पूर्ववत केली आणि बटण दाबलं.

मिनिटभरात चरक थांबला. रेल्वे वाटेतच उभी राहिली. वर्गातून "हाऽऽय" असा सूर निघाला.

"घालवलंस सगळं!" ओक्ताव्हियो किंचाळला.

परीक्षक एव्हारिस्तो आजोबा उठून पुढे आले. चाळीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या बॉयलरवर काढली होती.

"जळण संपलं वाटतं?"

"हो. संपायलाच हवं. पावसात भिजलेलं चिपाड तर निम्माच वेळ जळतं, तेसुद्धा लिहिलंय मी."

म्हातारा खो खो हसला. "निम्मा वेळ? पोरी, भिजलेलं चिपाड कधी बॉयलरमध्ये टाकलंयस का?"

"नाही टाकलं! टाकणार कसं? मुलींना तुम्ही कारखान्याच्या दाराच्या आत तरी घेता का? मग तुम्हीच सांगा की, किती जळतं ते!"

एव्हारिस्तो आजोबांचं हसू विरलं. त्यांनी खुर्ची ओढली. "जळत नाही ते. उलट, पेटलेली आग विझवतं."

यामिला पडद्याकडे बघत राहिली. आग विझवणारं जळण? तिच्या नियमांत असल्या गोष्टीला जागाच नव्हती.

"हे इतके दिवस कुणी मला का सांगितलं नाही?" तिने टेबलावर हात आपटला आणि वर्गाकडे वळून ओरडली, "सगळे इकडे या! ओक्ताव्हियो, तूसुद्धा, तोंड पाडून बसू नकोस. एक नियम बदलायचाय, आणि या वेळी अकराही जणांना विचारून!"