शेवटच्या रांगेपर्यंत

"मावशी, तुमचं स्टूल तिकडे आहे," पोस्टमन म्हणाला आणि त्याने विंगेकडे बोट दाखवलं.

हॉलमध्ये हशा पिकला. रंगमंचाच्या मधोमध, दिव्याखाली, मावशी उभ्या होत्या. त्या जागेवर त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"आज स्टुलाला सुट्टी," त्या म्हणाल्या. काय म्हणाल्या ते पहिल्या रांगेपलीकडे कुणाला कळलं नाही.

कुजबुजमावशी हे त्यांचं मंडळातलं नाव. दिवसा दवाखान्याच्या धुलाईखान्यात फाटक्या चादरी शिवायच्या आणि संध्याकाळी वस्तीच्या नाट्यमंडळात प्रॉम्प्टिंग करायचं, यातच त्यांची हयात गेली. विंगेतल्या स्टुलावर बसून, मांडीवर नाटकाची प्रत घेऊन, अडलेल्या नटाला त्याचा शब्द द्यायचा. नटाच्या कानात पडावा आणि प्रेक्षकाला कळूही नये, असा. मंडळात तो नियमच होऊन गेला होता. डोकं कोरं झालं की विचार करायचा नाही, मावशी देतील ते उचलायचं आणि दणकून म्हणायचं. "मावशी उद्या 'गॅस बंद करा' म्हणाल्या ना, तर मी तेसुद्धा रडत रडत म्हणेन," असं बँकेतल्या बाई म्हणायच्या, आणि त्यात थट्टा थोडी आणि खरेपणा जास्त होता.

हॉलच्या दाराशी फळा लागला होता: नवं नाटक येतंय, ऑडिशन सर्वांना खुली. मावशींनी प्रत घरी नेऊन वाचली. नाटकात एक म्हातारी आई होती. तिला बोलायला फारसं नव्हतं. मुलगा घर सोडून गेलेला असतो, आणि शेवटी ती उंबऱ्यात उभी राहून त्याला हाक मारते. बस, एवढंच. पण त्या हाकेवर मावशींचं बोट अडकलं ते अडकलंच.

जेवणं झाल्यावर त्यांनी नवऱ्यासमोर बसून सांगितलं, "ऑडिशन देते म्हणते मी."

काकांनी ओठ वाचले. पत्रे कापायच्या कारखान्यात त्यांचे कान कधीच कामातून गेले होते, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते बोलले की भांड्यांवरची झाकणं हलत.

"कसली? आईची? अगं मग देच की!"

"हळू बोला हो."

"हळूच बोलतोय! म्हणून दाखव बघू."

मावशींनी ओठ हलवले. सोन्या, अंधार पडला रे, घरी ये. काका बघत राहिले. मग उठले, आपलं ताट स्वतःच धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. जन्मात एकदाच हळू आवाजात म्हणाले, "चांगलं म्हणतेस."

त्यांच्या घरात आवाज लागतच नसे. एकाला ओठ पुरत, दुसरीला ओठच उरले होते.

ते कसं झालं, हे मंडळातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. मावशींनाही एक मुलगा होता. एका जागी ठरत नसे, म्हणून त्याला सगळे भिंगऱ्या म्हणत. एकदा खेळायला गेला आणि मागच्या बांधकामावरच्या उघड्या टाकीत गेला. तिन्हीसांजेला लोक त्याला उचलून गल्लीत आले, तेव्हा मावशी उंबऱ्यातच उभ्या होत्या, त्याला हाक मारायलाच आलेल्या. आतल्या खोलीत सासूबाई होत्या, हृदयाचं दुखणं घेऊन दवाखान्यातून नुकत्याच परतलेल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसता कामा नये. थोरल्या जाऊबाईंनी मावशींच्या तोंडावर हात दाबला. "ओरडू नकोस गं. आत म्हातारी आहे. एक गेला तो गेला, दुसरं नको." सासूबाईंना सांगितलं, नातू मामाकडे गेलाय. रोज संध्याकाळी त्या विचारत, "आला का गं माझा भिंगऱ्या?" आणि मावशी त्यांच्या उशाशी बसून हलक्या आवाजात सांगत, "येईल हं. मजेत आहे." असं करता करता म्हातारी गेली. मग मावशींना ओरडायला मोकळीक होती. पण तोवर ओरडण्याची वेळ टळून गेली होती, आणि आवाजाची वाटही बुजली होती.

देवाला मनातलं ऐकू येतं, अशी मावशींची श्रद्धा. म्हणून त्याच्याशी त्यांनी कधी मोठ्याने भांडण काढलं नाही. त्याच्याकडे एवढंच मागत, की ती अडकलेली हाक एकदा बाहेर पडू दे. कुणाच्या का नावाने असेना.

तर अशा त्या दिव्याखाली उभ्या होत्या. दिग्दर्शक म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला. तो पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता.

"चला मावशी. पोस्टमन बाप, तुम्ही आई. कागद बघायचा नाही."

पोस्टमनने सुरुवात केली. "दिवा लाव. दिवा लाव, म्हणजे... म्हणजे..."

अडला. मावशींनी काळजीत पडलेल्या आईसारखं उभं राहायचं होतं. पण त्यांची हनुवटी आपोआप त्याच्याकडे वळली आणि ओठांच्या कोपऱ्यातून शब्द गेला, "त्याला वाट दिसेल."

"म्हणजे त्याला वाट दिसेल!" पोस्टमन गरजला, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं.

हॉल खदखदला. "अहो मावशी, त्याचं त्याला विसरू द्या!" औषधवाला डोळे पुसत म्हणाला. "तुम्ही आई आहात, आई!"

"हो, हो," मावशी घाईने म्हणाल्या. "आई आहे."

"आता हाक."

त्यांनी समोरच्या अंधाराकडे पाहिलं. तोंड उघडलं. "सोन्या, अंधार पडला रे, घरी ये." सुईत दोरा जावा इतका बारीक आवाज आला.

"पोटातून, मावशी. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."

त्यांनी पुन्हा श्वास भरला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, मुठी वळल्या, डोळ्यांत पाणी आलं. सगळं आलं, आवाज तेवढा आला नाही.

तेवढ्यात मागून गर्जना झाली.

"आलं! ऐकू आलं!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. शेवटच्या रांगेच्या टोकाला, दाराजवळच्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत काका हात वर करून बसले होते. "इथपर्यंत आलं! स्पष्ट आलं!"

मग कुणीतरी म्हणालं, "काका, तुम्हाला तर मध्यंतराची घंटासुद्धा ऐकू येत नाही!" आणि हसण्याचा फवारा उडाला. सगळे हसतात म्हणून काकाही हसले. हात मात्र वरच होता.

औषधवाला वाईट माणूस नव्हता. तो रंगमंचावर आला, मावशींच्या जवळ गेला. "मावशी, तुम्ही पुढे आलात तर विंग कोण सांभाळणार? आमचं तर नाटकच कोसळेल हो."

"खरंय," मावशी म्हणाल्या आणि स्टूल पुसायला विंगेत गेल्या.

काम बँकेतल्या बाईंना मिळालं. घरी परतताना काकांनी विचारलं, "काय म्हणाला तो?"

मावशी दिव्याच्या खांबाखाली थांबल्या, म्हणजे त्यांना ओठ दिसतील. "नाही मिळालं."

"पण मला तर आलं होतं ना!"

"हो. तुम्हाला आलं."

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला. स्टुलावरून, पडदा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून, मावशींना प्रेक्षागृहाचा एवढासाच तुकडा दिसे: शेवटच्या रांगेचं टोक, हॉलचं दार, आणि त्यांच्यामध्ये काका. बँकेतल्या बाई उत्तम करत होत्या. तालमीत तर त्या कधी अडल्याच नव्हत्या.

शेवटचा प्रवेश आला. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, हात चौकटीला लावला, तोंड उघडलं, आणि त्यांच्या डोळ्यांतला माणूस निघून गेल्यासारखं झालं. ती नजर मावशींना पाठ होती. मावशींचं बोट ओळीवर होतं. ओळ डोळ्यांपुढे होती. त्यांनी शब्द दिला.

काय दिलं, ते त्यांना रंगमंचावरून ऐकू आलं तेव्हाच कळलं.

"भिंगऱ्या!" बाईंनी टाहो फोडला. "अंधार पडला रे! घरी ये!"

समोरच्या विंगेत औषधवाल्याने कपाळाला हात लावला. पण प्रेक्षकांना नावाचं काय? पहिल्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. आणि बाई, मिळालं ते उचलायचं या सवयीने, ठरल्याप्रमाणे दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही तेच नाव घेऊन हाक मारत गेल्या. प्रत्येक वेळी आणखी मोठ्याने. छपराला लागून ती हाक परत येत होती. कसलेला, भरदार, लोकांना रडवणारा आवाज. दुसऱ्याचा. मावशींनी हात गळ्याशी नेला. गळा होता तसाच होता.

त्यांनी फटीतून पाहिलं. काका उभे राहिले होते. ऐकू तर त्यांना काही आलंच नसणार. त्यांनी ओठ वाचले होते. शेजारचा माणूस त्यांचा सदरा ओढत होता, "काका, बसा ना, मागे काय, पुढे बघा!" पण काकांनी रंगमंचाकडे पाठ केली होती.

मावशींनी पान उलटलं. वर कंसात सूचना होती: थोडा वेळ शांतता, कोणी येत नाही.

फटीत काका तसेच उभे होते, हॉलच्या बंद दाराकडे तोंड करून.