टाळकऱ्याची पाळी

हिंगणीच्या चंद्रभानने अठ्ठावीस वर्षं टाळ वाजवला, पण कीर्तनात आपल्या मनाने एक चरण कधी धरला नाही. बुवांनी म्हणायचं आणि मागे उभ्या टाळकऱ्यांनी ते झेलायचं. त्या झेलण्यात मात्र आसपासच्या गावांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बुवांचा शब्द खाली पडायच्या आत चंद्रभानचा आवाज ओंजळ धरून उभा. देवाच्या दारी अशाही माणसाची गरज असतेच.

पिण्याच्या बाबतीतही त्याचं तसंच होतं. तो कधी प्याला नाही, त्याला कोणीतरी पाजली. बायकोने, शकुबाईने विचारलं की उत्तर तयार, "डोमाजीनं बसवलं." फारच खोदून विचारलं तर म्हणायचा, "आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी हाये. मंग मी पेईन कुठून?" आणि आपणच हसायचा.

यंदा सप्ताहात काल्याच्या दिवशी तो पिऊन वीणेकऱ्याच्या अंगावर पडला. तेव्हापासून शकुबाईचं बोलणं कमी झालं. एका सकाळी वांगी तोडता तोडता ती म्हणाली, "मी दारू पेतो, एवढं एकदा तुमच्या तोंडानं म्हना. नाई त मी भावाकडं हिंगणघाटले राह्यले जातो."

"आता डोमाजीच असा हाये की..."

तिने टोपली उचलली आणि पुढच्या सरीत गेली.

सेलूच्या बाजारात तिच्याकडून नेहमी भाजी घेणाऱ्या मोहिनीताईंनी तिला एक नंबर दिला. त्यांच्या नवऱ्याची दारू चार वर्षांपूर्वी सुटली होती; दारू सोडणाऱ्यांच्या ज्या गटात तो जायचा, तिथला नंबर. शकुबाईने फोन चंद्रभानलाच लावायला लावला आणि आवाज मोठा करून समोर बसली.

"गुलाब बोलून राह्यलो," पलीकडून आवाज आला. "रविवारी दहाले सिंदीले येजा, शाळेत. आमी तिथंच बसतो."

चंद्रभानचा चेहरा खुलला. आपल्याकडे 'बसणं' म्हणजे काय, हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. शकुबाईने फोन हिसकावून घेतला.

"भाऊ, काय घेऊन बसता?"

पलीकडचा माणूस हसला. "चहा, वहिनी. तो बी बिनदुधाचा."

रविवारी निघताना तिने लुगड्यांची थैली बरोबर घेतली.

"थैली काऊन?"

"तुमी म्हनलं त घरी येतो. नाई म्हनलं त सिंदीहून दुपारची गाडी हाये."

वर्गात लेकरांच्या बाकांवर सात-आठ मोठे बाप्ये गुडघे आवळून बसले होते. शकुबाई बाहेर व्हरांड्यात, खिडकीखाली टेकली. गुलाबभाऊ जिनिंगमधून रिटायर झालेला माणूस. तो उभा राहिला.

"मी गुलाब. मी बेवडा हाये."

त्याचा शब्द संपतो न संपतो, तोच चंद्रभानने तो उचलला, खड्या सुरात, दोन्ही हात छातीशी घेऊन, "मी गुलाब, मी बेवडा हाये..."

 मग मागून कोणीतरी विचारलं, "काका, टाळ घरीच राह्यले काय?" आणि सगळे हसले. शकुबाईने पदर तोंडाला लावला. हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही.

"माह्यं मले राहू द्या, भाऊ," गुलाबभाऊ म्हणाला. "तुमचं तुमी आना."

एकेकाची पाळी होत गेली. दर वेळी चंद्रभानचे ओठ हलत आणि तो ते मिटून घेई. मग त्याची पाळी आली.

"मी चंद्रभान. हिंगणीचा. वांगे असतात माह्ये." तो थांबला. "आमच्या गावात एक डोमाजी हाये..."

"डोमाजी आला की तो सांगन," गुलाबभाऊ म्हणाला.

चंद्रभान अडला. कीर्तनात बुवा दमले तर टाळकरी नाम लावून धरतात, सूर तुटू देत नाहीत. इथे कोणी काही धरलं नाही. सगळे खाली बघत बसून राहिले. खिडकीखाली शकुबाईने थैलीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला.

"मी दारू पेतो," चंद्रभान म्हणाला. त्याला सूर नव्हता. बाजारात भाव सांगावा तसं. "डोमाजी बलावत नाई. मीच जातो त्याच्या दारी."

कोणी मागून म्हटलं नाही. एक जण खोकला. मग पुढच्याची पाळी आली.

बैठक सुटल्यावर तो बाहेर आला, चपला शोधत तिच्याकडे न बघता उभा राहिला.

"आयकलं?"

"आयकलं."

"मंग चाल घरी."

तिने तसंच कबूल केलं होतं. पण एवढी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते ऐकल्यावर अंगातून सगळं बळच निघून गेलं होतं. स्वयंपाक, वांगी, रात्री दाराकडे लागलेला कान, यातलं काहीच तिला आज उचलवणार नव्हतं.

"येईन. शब्द देल्ला हाये," ती म्हणाली. "पन आठ दिवस भावाकडं झोप काढून येतो. पुढच्या रविवारी तुमी इथं या. इथूनच तुमच्यासंगं घरी येतो."

"एकटाच येऊ?"

"एकटेच या."

"अन् वांगे?"

"तुमी तोडा."

ती थैली घेऊन स्टेशनच्या रस्त्याला लागली. चंद्रभान तिच्या मागे दोन पावलं गेला, थांबला, आणि परत वर्गात जाऊन गुलाबभाऊसोबत बाक सरळ लावू लागला.