सहा जणांत एक छाती

फोटोची गाडी वर्षातून एकदा यायची, आणि त्या दिवशी कारखान्यात भात्याचा रुबाब नवरदेवासारखा असायचा. सकाळपासून जो तो त्याची चौकशी करायचा. रात्री झोप लागली ना? सर्दी नाही ना? कुणी पाण्याचा पेला पुढे करायचा, कुणी बसायला उलटी बादली. आणि भाताही अंगठे पट्ट्यात अडकवून, छाती काढून उभा राहायचा.

दगडाच्या फरश्या घासून आरशासारख्या करायचा तो कारखाना. बाकीच्या खोल्यांत चाकांवर पाणी सोडून घासाई चालायची. शेवटचा हात मात्र कोरडाच द्यावा लागे, कारण त्या दगडाला शेवटी पाणी लागलं की डाग पडे. त्या कोरड्या खोलीत सहा चाकं होती, सहा माणसं होती आणि एक खिडकी होती. चाकं सुरू झाली की पांढरी भुकटी उडायची, आणि तासाभरात सहाही जणांची तोंडं, भुवया, पापण्या इतक्या पांढऱ्या व्हायच्या की आईनं पोटच्या पोराला ओळखू नये. सहा जणांतल्या पाच जणांना जिना चढताना मध्ये थांबावं लागे. भाता तेवढा खांद्यावर फरशी घेऊन शीळ घालत वर जायचा. म्हणून तो भाता. लोहाराकडचा. त्याचं खरं नाव हजेरीबुकात होतं, तिथंच राहिलं.

गाडीत छातीचा फोटो काढत. फोटोत डाग दिसला की त्याच संध्याकाळी माणसाचा बिल्ला काढून घेत. ‘कामास अयोग्य’ एवढे दोन शब्द लिहीत आणि माणूस फाटकाबाहेर. खोकला सोबत घेऊन जायला मोकळा.

सात वर्षांपूर्वी, भाता नवा नवा लागलेला असताना, त्याचा थोरला भाऊ फोटोच्या आदल्या आठवड्यात खोकून खोकून बेजार झाला. भाता त्याला दादा म्हणायचा, आणि वयानं, कामानं मोठा म्हणून त्या खोलीत सगळेच त्याला दादा म्हणत. फोटोच्या दिवशी भाता आपला फोटो देऊन आला, आडोशाला दादाचा शर्ट चढवला, दादाचा बिल्ला लावला आणि पुन्हा रांगेत उभा राहिला. गाडीतला माणूस बिल्ल्याचा नंबर बघायचा, तोंडाकडे नाही. बघून तरी काय कळणार होतं? सगळी तोंडं एकाच पिठात बुडवून काढलेली.

“श्वास घ्या. रोखा. सोडा,” पडद्यामागून आवाज आला. काम झालं.

ही गोष्ट खोलीत लपते थोडीच! शेजारच्या चाकावरच्या माणसानं भात्याला गाठलं. उठल्यासुटल्या कायदा सांगायचा म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. “भाऊ तुझा म्हणून तू गेलास. आम्ही काय तुझं घोडं मारलंय?”

पुढच्या वर्षापासून भाता सहा वेळा रांगेत उभा राहू लागला. सहा शर्ट, सहा बिल्ले. सहाही फोटो काचेसारखे साफ.

मग वकिलानंच मुद्दा काढला, की ही छाती आता एकट्याची राहिली नाही, सगळ्यांची झाली, आणि सगळ्यांच्या वस्तूची निगा सगळ्यांनी राखायला हवी. भात्याला खिडकीजवळचं चाक द्यायचं ठरलं. ती जागा दादाची होती, जुना माणूस म्हणून त्याला मिळालेली. आपली हत्यारं उचलून दादा आतल्या कोपऱ्यात गेला. पाच चाकांची भुकटी वाऱ्यानं तिथं जाऊन साठायची. “मला तसंही उजेडाचा त्रासच होतो,” एवढंच म्हणाला.

पाळीपाळीनं भात्यासाठी दूध येऊ लागलं. दर मंगळवारी उकडलेली अंडी. “सासुरवाडीला तरी एवढं कौतुक होतं का रे?” असं कुणी म्हणालं की भाता लाजायचा आणि अंडं तोंडात टाकायचा. एकदा फाटकाबाहेर त्यानं सिगरेट पेटवली, तर वकिलानं ती ओठांतून उपटून चिखलात विझवली.

“अरे, माझे ओठ, माझी सिगरेट!”

“पण छाती माझी. माझी पोरं खातात तुझ्या छातीवर.”

सगळे हसले. दादाही हसला, आणि मग बराच वेळ खोकत बसला.

सातव्या फोटोनंतर चार महिन्यांनी दादा चाकावरच कोसळला. बिल्ला त्यानं स्वतःच काढून दिला. फाटकापर्यंत चालवेना, तेव्हा भात्यानं त्याला पाठीवर घेतलं. दहा वर्षांच्या पोराएवढं वजन भरलं असेल.

घरी दादा उशांना टेकून बसलेला असायचा. आडवं झालं की जीव गुदमरे. बोलायचा तेही दोन-दोन शब्दांत. वहिनी लोकांचे कपडे शिवायची. मशीन चालवता चालवता तिचा एक कान कायम त्याच्या श्वासाकडे लागलेला असायचा. श्वासाची लय बिघडली की टाका बिघडायचा. सरकारी दवाखान्यात सांगितलं होतं की घरी प्राणवायूचं यंत्र ठेवा, दोन वर्षं तरी निघतील. यंत्राची किंमत सांगितली तेव्हा वहिनीनं ती पुन्हा विचारलीसुद्धा नाही.

अशात नवा नियम आला. कारखान्यात दगडाची भुकटी छातीत जाऊन आजारी पडलेल्याला तपासणी मंडळ कार्ड देणार होतं. कार्ड मिळालं की यंत्र घरी येणार, औषधं मिळणार, दरमहा काही रक्कम, आणि माणूस गेल्यावर ती त्याच्या बायकोला. वहिनी कुठून तरी अर्ज घेऊन आली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. ती मोठ्यानं वाचू लागली.

“‘आजार कारखान्यातच जडला याचा पुरावा म्हणून मागील सात वर्षांच्या वार्षिक तपासणीच्या फिल्म जोडाव्यात.’ बरं झालं बाई, दरवर्षी फोटो काढायचे ते! कारखान्यातून मिळतील ना हो, भाऊजी?”

भाता जमिनीकडे बघत होता. दादा छताकडे. वहिनीनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. “काय झालं? तुमच्या दोघांच्या तोंडाला कुलूप का लागलं?”

सगळं ऐकल्यावर ती रडली नाही की भांडली नाही. अर्जाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “म्हणजे कागदावर हे ठणठणीत आहेत,” ती म्हणाली.

वकिलानं धीर दिला. “अर्ज करा बिनधास्त. जुन्या फिल्म कोण उघडून बघतंय? आजची बघतील, माणसाकडे बघतील, कार्ड देतील.” जाताना त्यानं भात्याला दाराबाहेर घेतलं. हात जोडले. थट्टेखोर माणसानं हात जोडले की बघवत नाही. “तू फक्त तोंड उघडू नकोस. तू बोललास तर आम्ही चौघंही बाहेर. आमच्या छातीत काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे रे.”

तपासणी मंडळाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. ज्यांना श्वास लागतो त्यांना दोन जिने चढायला लावणारं मंडळ! भात्यानं दादाला पुन्हा पाठीवर घेतलं. खोलीत भिंतीवर उजेडाची पेटी होती, मेज होतं, बाजूला कारखान्याचा कारकून मांडीवर फाइल घेऊन बसला होता. डॉक्टरीणबाई उतारवयाच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

बाईंनी पेटीवर दोन फिल्म लावल्या. “ही मागच्या वर्षीची, ही आजची.” मागच्या वर्षीची काळीभोर, स्वच्छ. आजची, कुणी मूठभर खडे भिरकावावेत तशी. बाई बराच वेळ बघत राहिल्या. जुन्या सहाही फिल्म एकेक करून लावल्या, काढल्या.

“डावीकडची सहावी बरगडी,” त्या म्हणाल्या, “कधीतरी मोडून पुन्हा सांधलेली दिसते. सातही वर्षं दिसते. आजच्या फिल्ममध्ये ती मोडलेलीच नाही.”

दादाच्या श्वासाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

बाईंनी चष्मा काढला. कारकुनाकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि सावकाश, एकेक शब्द मोजून बोलल्या. “अशा फिरत्या गाड्यांत नंबरांची अदलाबदल होते. गठ्ठेच्या गठ्ठे बदलतात. तसंच झालं असावं. हो ना? तसं असेल तर या फिल्म मी बाजूला ठेवते आणि मंडळातर्फे नव्यानं तपासणी मागवते. आजार किती जुना आहे ते त्यातूनही कळतं.”

भात्याला शब्द ऐकू आले, अर्थ पोचला नाही. बरगडी ऐकल्यापासून त्याचे कान तापले होते. लहानपणी तो भिंतीवरून पडला होता. डावी बाजू काळीनिळी झाली होती, आणि महिनाभर दादानं त्याला उचलून फिरवलं होतं. सात वर्षं त्यानं दूध प्यायलं, अंडी खाल्ली, दादाची खिडकी घेतली. आणि आता या बाई दादाला खोटं पाडताहेत, असं त्याला वाटलं. तो उठून उभा राहिला.

“ती बरगडी माझी आहे.”

दादानं मान वळवली. हात उचलला. त्याला ‘बस’ म्हणायचं होतं. दोनच अक्षरं, पण तेवढाही वारा छातीत गोळा होईना. नुसते ओठ हलले.

“सगळे फोटो माझे आहेत, बाई. दादाचा बिल्ला लावून मीच जायचो. त्याचा काही दोष नाही. त्याला डाग सात वर्षांपूर्वीच पडले असतील. मी खरं सांगतोय.”

कारकून लिहीत होता. त्याला घाई नव्हती.

बाईंनी डोळे मिटले. “मी तुम्हाला विचारलं नव्हतं,” त्या हळूच म्हणाल्या.

“पण मी खरं बोललो.”

“हो. आणि आता ते मला लिहावं लागेल. खोटी फिल्म दिली की अर्ज रद्द होतो. पुन्हा करता येत नाही.”

वहिनी दाराशी उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

जिन्याच्या तोंडाशी बाई मागून आल्या. भात्याच्या पाठीवर दादा होता, त्यामुळे त्याला वळता येईना. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. “गाडी यायची त्या दिवशी तुमचा मुकादम कुठं असायचा?”

“सुट्टीवर, बाई. दरवर्षी. आम्ही म्हणायचो, नशीब!”

“कोरड्या खोलीत सात वर्षं एकाही माणसाला डाग नाही, असे कागद कारखान्याकडे आहेत. ते फुकट मिळाले त्यांना,” त्या म्हणाल्या. आणखी काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण आतून पुढच्या माणसाचं खोकणं ऐकू आलं आणि त्या गेल्या.

बसमध्ये दादा खिडकीशी बसला. तीन थांबे गेल्यावर म्हणाला, “बाई... वाट... काढत होत्या.”

“मला कळलंच नाही रे, दादा.”

“ठाऊक... आहे.” मग पुष्कळ वेळानं, ओठ किंचित वाकडे करून, “तुला... श्वास... जास्त झालाय.”

लहानपणीही तो असाच टोमणा मारून समजूत काढायचा. भात्याला हसू आलं आणि त्याच हसण्याचं रडू झालं. पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली, तेव्हा वहिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला, आणि काढून घेतला.

कारखान्यानं उरलेल्या चौघांच्या जुन्या फिल्म बाहेर काढल्या. चौघांची तीच बरगडी मोडलेली. फसवणुकीचा दावा लावत नाही, त्याबदल्यात तुम्ही स्वखुशीनं काम सोडतो असं लिहून द्या, असं सांगण्यात आलं. चौघांनी लिहून दिलं. वकिलानं मजकूर दोनदा वाचला, एक शब्द चुकीचा होता तो दुरुस्त केला आणि सही केली. भात्याकडे त्यानं पाहिलं नाही. पुढं रस्त्यात दिसला तरी पलीकडच्या बाजूनं जायचा, अगदी सावकाश, दिव्याच्या खांबांना धरत धरत.

भात्याला मात्र काढलं नाही. त्याच्या नावाची फिल्म त्याचीच होती, खरी होती आणि साफ होती. “धडधाकट माणूस मिळतोय कुठं?” मुकादम म्हणाला. भात्याला थुंकून निघून जायचं होतं. पण घरी दोन माणसं होती आणि शिलाई एकटीची.

नवी पाच माणसं आली. मुकादमानं जागा वाटल्या. खिडकीपाशी त्याचा मेहुणा बसला. आतला कोपरा कुणी घेईना, तेव्हा भाता आपणहून तिथं गेला. दादाच्या चाकाच्या लाकडी मुठीवर बोटांचे खळगे पडले होते. त्याची बोटं त्यात बरोबर बसली.

दादा पुढचा फोटो यायच्या आत गेला. दुपारी, वहिनी बटण लावत असताना. टाका बिघडला नाही, म्हणून तिला लगेच कळलंच नाही.

मग गाडी आली. आता अंगठ्याचा ठसा घेत होते. भाता पांढऱ्या तोंडानं रांगेत उभा राहिला, ठसा दिला, पडद्यामागे गेला.

“श्वास घ्या. रोखा.”

त्यानं रोखला. छातीत, अगदी खाली, काहीतरी खरखरलं, ओल्या वाळूवर पाय पडावा तसं. “सोडा.”

“साफ आहे,” संध्याकाळी मुकादम यादी बघून म्हणाला. “यंदा तरी.”

पण ते संध्याकाळी. त्याआधी, गाडीतून उतरल्यावर, भाता सवयीनं आडोशाला गेला. शर्टाची बटणं काढली, शर्ट उतरवला आणि उघड्या अंगानं, दुसरा शर्ट घेण्यासाठी हात पुढे करून उभा राहिला. बराच वेळ तसाच उभा होता. मग नव्या माणसांतला एक जण म्हणाला, “काका, तुमचं झालं ना? रांग सोडा की,” तेव्हा त्यानं तोच शर्ट पुन्हा घातला.