माशासाठी शिळं पाणी

नळ आला की आमच्या मालकांच्या, तातेरावांच्या, अंगात येतं. मंठ्यात पाणी चार दिवसांनी येतं, पण आलं की घरातलं सगळं जुनं पाणी मोरीत. शिळं पाणी ठेवायचं न्हाई. आमच्या अख्ख्या गल्लीचाच हा नेम हाय.

त्या दिवशी नळबी आला होता, अन् सून कौसल्याबी माहेराहून, जांबाहून येणार होती. सातव्या महिन्यात तिचं लेकरू पोटातच गेलं. तवापासून ती कुणाशी धड बोलंना. मन रमावं म्हणून आमच्या लेकानं, बद्रीनाथनं, काचेची पेटी न् एक सोनेरी मासा आणला. मंग बाई बोलली तर माशाशीच. जाताना मला बजावून गेली, आई, पेटीतलं सगळं पाणी काढू नका, थोडंच बदला. ताजं तर बिलकुल घालू नका, त्यात जंतू मारायची पावडर असती, माशाला बाधती. भरून ठेवलेलं मुरलेलं घाला. मी बादली भरून पलंगाखाली ठेवली होती बराबर.

अन् मी बाजारातून येते तर काय, मालकांनी पेटी रिकामी करून रांजणासारखी राखेनं घासलेली. पलंगाखालची बादलीबी मोरीत. मासा भगुण्यात, बोटभर पाण्यात, तोंड वर काढून आ-आ करून राह्यलेला. सून येणार म्हणून साफ केलं म्हणे. वर माझ्याकडंच शाबासकीसाठी बघून राह्यले. काय बोलावं ह्या माणसाला! त्यांना पेटी खळखळून धुवायला लावली अन् मी घागर उचलली.

शिळं पाणी मागत दारोदार फिरायची पाळी आली. गोजरबाईनं असं तोंड केलं, जशी मी तिची अब्रूच काढली. उषाबाई आत्ताच ओतलं म्हणली, मोरी अजून वाहतच होती. दुपारची एसटी यायची वेळ झाल्ती. पायाला चटके बसत होते. मासा मेला तर ही पोर पुन्हा तोंड उघडायची न्हाई, एवढंच डोक्यात.

शेवटी साळूबाईच्या दारात गेले. तीबी न्हाईच म्हणली. मंग इकडंतिकडं बघून मला आत ओढलं. गुडघ्यानं धरलं होतं तिला, नळावर जाणं झालं नव्हतं. रांजण मागल्या पाळीच्या पाण्यानं अर्धा भरलेला. "कुणाला सांगू नको बाई," म्हणली. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

घरी येऊन पेटी भरली, मासा हळूच सोडला. तळाशी जाऊन बसला, हलंचना. मालक भिंतीला टेकून उभे. मी पेटीपुढून दारात, दारातून पेटीपुढं. मंग कवातरी शेपूट हललं.

तेवढ्यात कौसल्या आली. पिशवी खांद्यालाच, सरळ पेटीपुढं. बघतच राहिली. आता ही पाण्याचं विचारणार म्हणून मी पदर चाळवत उभी.

"आई," ती म्हणली, "रस्ताभर वाटून राह्यलं होतं, ह्योबी गेला असंल."

अन् तिथंच खाली बसून ती लेकरासाठी रडली. मी रडू दिलं.