चार बोटं तोकडं दार

बाईंच्या घरात दूध उतू गेलं तरी त्यातून धडा निघायचा. किल्ली हरवली की धडा, शेजारच्या मांजरीनं सोफ्यावर पिल्लं घातली की धडा. नवऱ्याला तर शिंकायचीही चोरी झाली होती. "तुझ्या पुढच्या पानात माझी सर्दी यायला नको," असं म्हणत तो बिचारा गॅलरीत जाऊन शिंकायचा. चर्चच्या मासिक पत्रकाचं शेवटचं पान गेली बारा वर्षं बाईंचं होतं, आणि पानाचं नाव होतं 'घरचे धडे'. घरातली एखादी जुनी आठवण सांगायची आणि शेवटच्या चार ओळींत तिच्यातून प्रभूची शिकवण उलगडून दाखवायची. बाई पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे 'यावरून आपण काय शिकलो?' असं विचारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. लोकांनाही ते आवडायचं. कित्येक जण पत्रक मागूनच उघडतात हे पाळकांना ठाऊक होतं, आणि बाईंना तर होतंच होतं.

पण दर महिन्याला एक म्हटलं, तरी बारा वर्षांत आठवणी किती लागतात! आईचा भाजलेला हात लिहून झाला होता, आजीचा चष्मा तर दोनदा येऊन गेला होता. त्या महिन्यात पाळकांचा तिसरा निरोप आला, तेव्हा बाईंनी मागचापुढचा विचार न करता दाराची गोष्ट लिहून टाकली.

दार म्हणजे चर्चचंच दार. बाईंचे वडील सुतार होते आणि ते दार त्यांच्या हातचं. चर्च नवं बांधलं तेव्हा बाई दहा वर्षांच्या होत्या, आणि त्यांचा थोरला भाऊ, दादा, सतरा वर्षांचा. दादा वडिलांच्या हाताखाली काम शिकत होता. एवढं मोठं काम त्याच्या हाती पहिल्यांदाच आलेलं. फळ्या त्यानं कापल्या, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दार चौकटीत बसवलं तर खाली चार बोटं उजेड! बाईंनी लिहिलं: 'बाबांनी ब्र काढला नाही. त्यांनी एक पट्टी घेतली, रंधा मारून गुळगुळीत केली आणि दाराला खालून जोडली. ती पट्टी आजही तिथं आहे. आपणही असेच तोकडे पडतो, आणि आपला स्वर्गातला पिता ब्र न काढता आपल्याला पट्टी जोडतो.'

पाळकांनी ते पान उपासनेत मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकांनी डोळ्यांना पदर आणि रुमाल लावले. नंतर माणसं दारापाशी वाकून वाकून ती पट्टी बघायला लागली. एका उत्साही गृहस्थांनी तर शेवटच्या बाकावर बसलेल्या दादाचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "तुमच्या चुकीनं केवढी मोठी शिकवण दिली हो आम्हाला!"

दादा शेवटच्याच बाकावर बसायचा, दाराला लागून, आज कित्येक वर्षं. त्यानं हात सोडवून घेतला आणि तो निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. तिसऱ्या आठवड्यात वहिनीचा फोन आला.

"ताई, यांनी तुमचं पान वाचलं, घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. म्हणतात, आता चर्चला जायचं नाही. कायमचं."

"अगं वहिनी, पण मी तर चांगलंच लिहिलंय."

"तेच म्हणाले तेही. फार चांगलं लिहिलंय म्हणाले."

फोन ठेवला आणि बाई तिथंच खुर्चीत बसल्या. कारण त्या पानात एक गोष्ट नव्हती, आणि ती बाईंशिवाय कुणालाच ठाऊक नाही, अशी बाईंची बावन्न वर्षांची समजूत होती.

वडिलांचा मोजपट्टीवर विश्वास नव्हता. आकडा माणसाला फसवतो, म्हणायचे. प्रत्येक कामाला ते एक सरळ काठी घ्यायचे. दार जेवढं उंच, तेवढीच काठी लांब. बिजागरी कुठं, कुलूप कुठं, कडी कुठं, सगळ्याच्या पेन्सिलीच्या खुणा त्या काठीवर. काम संपेपर्यंत त्या काठीला घरात कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता.

आणि दहा वर्षांच्या बाईंचं एक कोंबडीचं पिल्लू मेलं. त्याला त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात रीतसर पुरलं, एकटीनं गाणं म्हटलं, प्रार्थना केली, वर छोटंसं प्रवचनही केलं. म्हणजे तेव्हापासूनच खोड होती म्हणायची. मग थडग्यावर क्रूस हवा. उभं लाकूड मिळालं, आडवं मिळेना. भिंतीला टेकून काठी उभी होती. एवढ्या लांब काठीतली चार बोटं गेली तर कुणाला कळणार? बाईंनी छोटी करवत घेतली, जीभ बाहेर काढून टोक कापलं आणि क्रूस बांधला.

दार तोकडं झालं असा गलका उठला, तेव्हा त्यांना क्षणात सगळं कळलं. रात्री सगळे झोपल्यावर त्या धावत थडग्यापाशी गेल्या तर क्रूस नव्हता. नुसती माती. कुत्र्यानं नेला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि खरं बोलायचं तर त्यांना हायसंच वाटलं.

वडिलांनी ब्र काढला नाही, हे अक्षरशः खरं होतं. दोन महिने ते दादाशी एक शब्द बोलले नाहीत. त्याच्या हातातली करवत काढून घेतली ती पुन्हा दिली नाही. मग एके दिवशी जेवताना, त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ज्याला माप कळत नाही त्यानं खोकी ठोकावीत." आणि दादा खोक्यांच्या कारखान्यात लागला. चाळीस वर्षं त्यानं फळांची खोकी ठोकली. वडिलांचं दुकान त्यांच्या मागं दुसऱ्याच कुणी घेतलं. शेवटच्या आजारात बाई अकरा दिवस वडिलांच्या उशाशी बसल्या होत्या. प्रार्थना वाचल्या, पाणी पाजलं, पाय चेपले. तेवढं एक वाक्य मात्र तोंडातून निघालं नाही. आणि आता त्यांनी त्या दोन महिन्यांच्या अबोल्याला क्षमा म्हणून छापून आणलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई दादाकडे गेल्या. दादाच्या घरात त्याच्या हातचं एक स्टूलसुद्धा नव्हतं. सुताराचा मुलगा असून सगळं बाजारातून विकत आणलेलं, यावरून वहिनी लग्नापासून कुरकुरत आली होती. दादा टेबलापाशी चहा घेत होता. टेबलाच्या पायाखाली बाईंचं पान दिसत होतं. वहिनीनं दोघांची तोंडं बघितली आणि "भाजी बघते" म्हणून ती आत गेली.

"ये, ठमे," दादा म्हणाला. पासष्ट शाळकरी पोरांना नजरेनं गप्प करणाऱ्या बाईंना या जगात 'ठमे' म्हणणारा तो एकटाच उरला होता.

"दादा, दाराचं... काठी मी कापली होती. पिल्लाच्या क्रूसासाठी. तू बरोबर मापलं होतंस. चूक माझी होती."

एवढ्या वर्षांनी बोलल्यावर आकाश कोसळेल, असं त्यांना वाटलं होतं. दादानं कपातला उरलेला चहा पिऊन टाकला. उठून कपाटातला बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात कारखान्यानं निरोपाला दिलेलं घड्याळ होतं, कसले कसले कागद होते, आणि खाली लाकडाचा एक तुकडा. चार बोटं लांब. एका टोकाला करवतीचे वेडेवाकडे दात, आणि मधोमध वडिलांच्या पेन्सिलीची पुसट खूण.

बाईंनी तो ओळखला.

"तू नेलास?"

"दार तोकडं निघालं त्याच संध्याकाळी. काठीचं टोक वेडंवाकडं कापलेलं दिसलं, म्हणून काठी चुलीत घातली आणि हा उचलला. बाबा कोंबड्यांना दाणे टाकायला तिकडेच जायचे. त्यांनी बघितला असता तर तुझी चामडी सोलली असती."

"मग तू बोलला का नाहीस? निदान नंतर तरी?"

"तू दहा वर्षांची होतीस. म्हटलं, भीती गेली की पोर स्वतःच सांगेल. मग तू मोठी झालीस. मग मास्तरीण झालीस. मला वाटायचं, आज ना उद्या येशील हे मागायला." त्यानं तुकडा टेबलावर ठेवला. "बाबा गेले तेव्हा मी वाट बघायचं सोडलं."

बाई रडायला लागल्या. "दादा, मला माफ कर रे."

"त्या दहा वर्षांच्या पोरीला मी तेव्हाच माफ केलं, ठमे. पण पत्रकात लिहिणाऱ्या बाईचं काय करायचं, ते मला अजून कळत नाहीये." त्याचा आवाज चढला नव्हता, हेच जास्त लागलं. "चाळीस वर्षं खोकी ठोकली, त्याचंही काही नाही. पण ते दोन महिने गोड होते, असं तू लिहिलंस. मी त्या घरात होतो गं."

"मी खरं लिहीन. पुढच्या अंकात सगळं लिहीन."

"लिहू नकोस. तू लिहिलंस की त्यातून काहीतरी शिकवशील, आणि लोक पुन्हा माझा हात हलवायला येतील. सांगायचं तर तोंडानं सांग. आणि सांगून खाली बस."

त्या रविवारी साक्षीची वेळ आली, म्हणजे मंडळीतल्या कुणीही उठून आपल्या आयुष्यातलं सांगायची, तेव्हा बाई उठल्या. लोक सरसावून बसले. बाई उठल्या म्हणजे काहीतरी ऐकण्याजोगं असणार. मागे बघायचा बाईंना धीर झाला नाही.

"हे दार माझ्या भावानं तोकडं केलं नाही," त्या म्हणाल्या. "मापाची काठी मी कापली होती. शिक्षा त्यानं भोगली. बाबांनी त्याला माफ केलं नाही, त्याचं काम काढून घेतलं. मी बावन्न वर्षं गप्प बसले, आणि मागच्या महिन्यात खोटं लिहिलं."

सगळे वाट बघत राहिले. आता शिकवण येणार. बाईंच्या जिभेवर ती आलीही होती, सवयीनं, तयार होऊन. ती त्यांनी गिळली आणि त्या खाली बसल्या. कुणाला काय करावं सुचेना. पाळकांनी घाईघाईनं गाणं सुरू केलं.

उपासना संपल्यावर बाई बाहेर आल्या तर दादा दाराबाहेरच्या पायरीवर उभा होता. आत आला नव्हता. दार मात्र उघडंच होतं. त्याच्या बुटाचं टोक त्या पट्टीला लागलं होतं.

"ऐकलंस?" बाईंनी विचारलं.

"ऐकलं." दादानं पट्टीवरून बूट मागे घेतला. मग म्हणाला, "हे बाबांनी ऐकायला हवं होतं."

दादा पायऱ्या उतरून चालू लागला. त्या महिन्याच्या पत्रकाचं शेवटचं पान कोरं निघालं.